गाळ उपसणाऱ्यांच्या मागावर

पहिला दिवस : ॲम्स्टरडॅम

ताईंची एक जुनी खोड आहे. संग्रहालयात शिरल्या की आधी पाटी वाचायची, मग वस्तू पाहायची. पाटीतही चित्रकाराचं नाव, साल, माध्यम सगळं सोडून थेट शेवटची ओळ. वस्तू इथे आली कशी, कोणी दिली, कोणाच्या पैशांनी घेतली हे त्या ओळीत असतं. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या बाईंना 'दाखल नोंदवही'चं व्यसन असणारच, असं म्हणून मी आजवर हसण्यावारी नेत आले होते. या प्रवासात मात्र आम्ही ठरवूनच निघालो होतो : सात दिवस फक्त शेवटच्या ओळी वाचायच्या.

आम्ही दोघी एकाच संग्रहालयात बिनपगारी काम करतो. मी शनिवारी लोकांना दालनं दाखवते, ताई फाटक्या पुस्तकांची डागडुजी करतात. अशा कामाला जगभर 'संग्रहालयाचे मित्र' असं गोड नाव आहे. या मित्रांची मंडळं आहेत, मंडळांचे देशोदेशीचे संघ आहेत आणि त्या संघांचा मिळून एक जागतिक महासंघही आहे. हे सगळं सुरू कुठून झालं ते पाहू, एवढाच बेत होता.

राइक्सम्युझियममध्ये वर्मीरच्या 'दूध ओतणाऱ्या दासी'समोर गर्दी होती. चित्र जेमतेम ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर, शाळेच्या पाटीपेक्षा थोडंसं मोठं. लोक मोबाइल उंच धरून दासीचे फोटो काढत होते आणि ताई गर्दीच्या कडेने वाकून भिंतीवरची पाटी वाचत होत्या. "सापडलं," त्या म्हणाल्या. "रेम्ब्रांट संघटनेच्या साहाय्याने खरेदी. १९०८."

ही 'फेरेनिखिंग रेम्ब्रांट' म्हणजे नागरिकांनी वर्गणी काढून संग्रहालयांसाठी कलाकृती विकत घेण्याच्या जगातल्या जुन्या प्रयत्नांपैकी एक. स्थापना १८८३ची. याकोब दे वोस या संग्राहकाची चित्रसंपदा त्या वर्षी लिलावात निघाली, तेव्हा जुन्या डच चित्रकारांची रेखाटनं परदेशी जातील या धास्तीने काही सधन मंडळींनी पैसे उभे केले आणि शेकडो रेखाटनं देशात ठेवली. पंचवीस वर्षांनी सिक्स घराण्याच्या संग्रहातली ३९ चित्रं विकायला निघाली, त्यात ही दासी होती. अमेरिकन धनाढ्य ती उचलून नेणार अशी हाकाटी झाली, वर्तमानपत्रांतून वाद रंगले, विषय संसदेपर्यंत गेला. अखेर सरकारचे पैसे आणि संघटनेचे पैसे मिळून सगळी ३९ चित्रं राइक्सम्युझियममध्ये आली.

संध्याकाळी कालव्याच्या कठड्याला टेकून मी हे मोठ्या कौतुकाने पुन्हा सांगत होते. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, ही मैत्री कुठली? ही भाऊबंदकी. दुसऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणून आपल्या घरात ठेवायचं."

मला ते लागलं. पण खोडून काढता येईना.

दुसरा दिवस : ब्रुसेल्स

ब्रुसेल्समध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे शहरात पुष्कळ आहे, आमच्या कामाचं नव्हतं. संग्रहालयांच्या मित्रांचा जागतिक महासंघ १९७५मध्ये या शहरात स्थापन झाला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७२मध्ये, बार्सिलोनात अशा मंडळांचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं होतं. तिथे ओळखी झाल्या, इथे त्या कागदावर आल्या. ब्रिटनमधल्या मंडळांनी दरम्यान १९७३मध्ये आपला देशपातळीवरचा संघ उभा केला होता. महासंघाची संमेलनं तेव्हापासून दर तीन वर्षांनी, वेगवेगळ्या देशांत भरत आली. १९९६मध्ये मेक्सिकोतल्या ओआहाका इथे मित्रांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी आचारसंहिता संमत झाली.

ती आचारसंहिता मी छापून आणली होती. गाडीत ताईंनी पेन्सिलने खुणा करत वाचली. कोणत्याही प्रकारे संग्रहालयाला आधार देणारा, त्याच्या वाढीला आणि प्रसिद्धीला हातभार लावणारा तो मित्र. तो मोबदला घेत नाही. आधार नैतिक असेल, पैशांचा असेल, श्रमाचा किंवा जाणकारीचा असेल. वैयक्तिक लाभ शोधायचा नाही. संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना पूरक व्हायचं, त्यांची जागा घ्यायची नाही. हे शेवटचं कलम ताईंनी दोनदा अधोरेखित केलं. आमच्याकडे एकदा पगारी माणूस निवृत्त झाला तेव्हा त्याची जागा भरायच्या ऐवजी 'स्वयंसेवक आहेत की' असं उत्तर मिळालं होतं, आणि ते स्वयंसेवक म्हणजे आम्हीच होतो. त्या दिवसापासून ताई या बाबतीत फार कडक आहेत.

दुपारी ललितकलांच्या शाही संग्रहालयात जाऊन 'इकारसचं पतन' पाहून आलो. ते ब्रूगलच्याच हातचं की हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पाण्यात एक मुलगा बुडतोय, त्याचे नुसते पाय दिसतात, आणि शेतकरी खाली मान घालून नांगर धरून चालला आहे. ताई बराच वेळ त्या नांगरवाल्याकडे पाहत होत्या.

"एक सांग," बाहेर पडताना त्यांनी विचारलं. "अठराशे त्र्याऐंशीत मंडळं निघाली, आणि एकमेकांशी बोलायला एकोणीसशे बहात्तर उजाडलं. मधली नव्वद वर्षं काय करत होते सगळे?"

तिसरा दिवस : पॅरिस

उत्तर पॅरिसला मिळालं, निदान अर्धं. मधली वर्षं सगळे एकमेकांशी स्पर्धा करत होते.

'लूव्रचे मित्र' ही संस्था १८९७ची. त्याच वर्षी बर्लिनमध्ये तिथल्या चित्रसंग्रहासाठी विल्हेल्म फॉन बोड यांच्या पुढाकाराने धनिकांचं मंडळ उभं राहिलं. १९०३मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय कलासंग्रह निधी निघाला आणि १९०६मध्ये त्याने वेलाझ्केझची व्हीनस ४५,००० पौंडांना लंडनच्या नॅशनल गॅलरीसाठी घेतली. पंचवीसेक वर्षांत युरोपच्या राजधान्यांमधून अशी मंडळं उगवली. सगळ्यांना एकच भीती : आपलं ते दुसरा नेईल. अमेरिकेतल्या रेल्वे आणि पोलादाच्या पैशांनी बाजार तापला होता, तो दुसरा बहुतेक वेळा तिकडचा असे. बर्लिनच्या मंडळाची एक गंमत म्हणजे त्यांनी घेतलेली चित्रं मंडळाच्याच मालकीची राहिली, संग्रहालयात कायमच्या उसनवारीवर. 'सोनेरी शिरस्त्राणवाला माणूस' हे गाजलेलं चित्र त्यातलंच. लूव्रच्या मित्रांनी मात्र घेतलं आणि देऊन टाकलं, असा मामला. व्हिलनव्ह-लेज-आव्हिन्यों गावची पंधराव्या शतकातली 'पिएता' त्यांनी १९०५मध्ये दिली. ती नसती तर फ्रेंच चित्रकलेच्या इतिहासातलं एक पान कोरं दिसलं असतं.

लूव्रच्या सुली विभागात वरच्या मजल्यावर अँग्रचं 'तुर्की स्नानगृह' आहे. गोल चित्र, आत दाटीवाटीने बसलेल्या स्त्रिया. अँग्रने सहीसोबत लॅटिनमध्ये आपलं वयही नोंदवलं आहे, ८२. पाटीची शेवटची ओळ सांगते, की 'लूव्रचे मित्र' या संस्थेने मॉरिस फनाय यांच्या सहकार्याने १९११मध्ये दिलेली भेट. ताईंना चित्र आवडलं नाही. वय लिहिलेलं आवडलं.

खरी चर्चा झाली ती क्रानाखच्या 'तीन देवतां'पाशी. १५३१चं हे छोटंसं चित्र २०१०मध्ये विकायला आलं, किंमत ४० लाख युरो. त्यातले १० लाख लूव्रने लोकांकडे मागितले. सुमारे सात हजार जणांनी दिले, मुदतीच्या आतच. ज्यांनी दिले ते सगळे काही सधन नव्हते. १८९७चं श्रीमंतांचं मंडळ आणि २०१०ची ही वर्गणी यांत शंभराहून अधिक वर्षांचं अंतर आहे. मित्र होण्याची किमान पात्रता एवढ्या काळात बरीच खाली आली, हे मला चांगलं वाटलं.

"आणि ती नवराबायको?" ताईंनी विचारलं. नवराबायको म्हणजे मार्टेन आणि ओप्येन, रेम्ब्रांटने १६३४मध्ये रंगवलेली दोन पूर्णाकृती चित्रं. रॉथशील्ड घराण्याने ती विकायला काढली तेव्हा फ्रान्स आणि नेदरलँड्स दोघांनाही हवी होती. शंभर वर्षांपूर्वी असतं तर दोन्हीकडची मंडळं पदर खोचून उभी राहिली असती. २०१६मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून १६ कोटी युरो दिले. मार्टेन डचांचा, ओप्येन फ्रेंचांची, पण दोघांना वेगळं करायचं नाही. जोडीने कधी लूव्रमध्ये, कधी राइक्सम्युझियममध्ये.

"म्हणजे सहा महिने सासर, सहा महिने माहेर," ताई म्हणाल्या. वाटे इतके सरळ नाहीत, पण मी दुरुस्त केलं नाही.

चौथा दिवस : गाडीत

गार द ल्योंहून सकाळची गाडी, आल्प्सखालचा बोगदा, तोरीनो, मग मिलानला बदल. दिवसभर खिडकी. मिलानच्या स्थानकावर फलाट ऐन वेळी बदलला आणि आम्ही दोघी बॅगा ओढत धावलो. ताईंच्या बॅगेचं एक चाक तिथेच राहिलं. पुढचे तीन दिवस ती बॅग फ्लॉरेन्सच्या दगडी फरशांवर करकरत होती.

संध्याकाळी सान्ता मारिया नोव्हेल्ला स्थानकात उतरलो. १९३०च्या दशकातली सरळ रेषांची, दगड आणि काचेची इमारत. प्रवासी ती पाहायला थांबत नाहीत, पुढच्या चर्चकडे निघून जातात. ताई थांबल्या. "सहासष्टच्या पुरानंतर इथल्याच बॉयलरघरात पुस्तकं धुतली ना गं?" हो, इथल्याच.

पाचवा दिवस : फ्लॉरेन्स, दोन पाट्या आणि दहा लाख पुस्तकं

व्हिया देई नेरी आणि व्हिया सान रेमीजो जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर दोन दगडी पाट्या आहेत. जुन्या पाटीवर लाटा कोरल्या आहेत आणि एक हात बोटाने पाण्याची रेघ दाखवतो : ४ नोव्हेंबर १३३३. तिच्याही वर दुसरी : ४ नोव्हेंबर १९६६. तारीख तीच. नदी तीच. सहाशे तेहतीस वर्षांनी पाणी आणखी वर.

दोन्ही पाट्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत. मान वर करून उभ्या असलेल्या आमच्याकडे पाहून पिशवी घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. आम्हाला इटालियन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग दोन्ही हातांनी बादली पुढे देण्याची खूण केली. दोनदा. आणि पिशवी उचलून गेले.

१९६६च्या त्या पहाटे आर्नो नदी शहरात घुसली. हिवाळा तोंडावर होता आणि तळघरांतल्या टाक्या हीटिंगच्या तेलाने भरलेल्या होत्या. त्या फुटल्या. म्हणून चित्रांवर, पुस्तकांवर, भिंतींवर जे बसलं ते नुसतं गढूळ पाणी नव्हतं, काळं तेलकट लुकण होतं. शहरात सुमारे ६ लाख टन गाळ साचला असं सांगतात. फ्लॉरेन्स आणि आसपास ३५ माणसं गेली. बॅप्टिस्टरीच्या, म्हणजे बाप्तिस्मागृहाच्या, कांस्य दरवाजातले शिल्पकार गिबेर्तीचे पाच फलक पाण्याच्या धक्क्याने निखळले. विज्ञानाच्या इतिहासाच्या संग्रहालयात संचालिका मारिया लुइसा रिघिनी बोनेल्ली यांनी गॅलिलिओची उपकरणं स्वतः उचलून वाचवली.

आणि राष्ट्रीय ग्रंथालय. ते नदीच्या अगदी काठावर, सान्ता क्रोचे चर्चच्या शेजारी आहे. तळघरात आणि खालच्या मजल्यावर जुने संग्रह आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. दहा लाखांहून अधिक ग्रंथ आणि कागदपत्रं पाण्यात गेली.

आम्ही ग्रंथालयासमोरच्या कठड्यावर बसलो. ताईंनी या जागेबद्दल आयुष्यभर ऐकलं होतं, म्हणून त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. पूर ओसरल्यावर विद्यार्थी आले. आधी इथले, मग इटलीच्या इतर शहरांतले, मग फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, कुठून कुठून. कोणी बोलावलं नव्हतं. ऐकलं आणि आले, रेल्वेच्या डब्यांत झोपले. तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत माणसांची साखळी उभी राहिली आणि पुस्तकं हातोहात वर जाऊ लागली. कुजकं चामडं, सांडपाणी आणि तेल यांच्या वासाने खाली उभं राहवेना, तेव्हा गॅस मुखवटे लावून उतरले. इटालियन वर्तमानपत्रांनी त्यांना नाव दिलं, 'आंजेली देल फांगो', गाळातले देवदूत.

"देवदूत वगैरे ठीक आहे," ताई म्हणाल्या. "पण वर आणलेल्या पुस्तकाचं करायचं काय, हे त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. ओलं पुस्तक जोरात उघडलंस तर ते मेलं. बंद ठेवलंस तर दोन दिवसांत बुरशी. गोष्टीत हे कोणी सांगत नाही."

पानांमध्ये लाकडाचा भुसा पसरला, टीपकागद घातले. आसपासच्या खेड्यांत तंबाखूची पानं सुकवायची कोठारं होती, तिथे ट्रकांनी पुस्तकं नेऊन टांगली. स्थानकाच्या बॉयलरघरात गरम पाणी आणि उष्णता होती, तिथे पानं सुटी करून धुण्याचं काम सुरू झालं. ग्रंथालयाचे संचालक इमान्वेले कासामास्सिमा यांच्या हाताखाली ही सगळी यंत्रणा उभी राहिली. ब्रिटनहून पुस्तकबांधणीतले जाणकार आले : पीटर वॉटर्स, रॉजर पॉवेल, क्रिस्टोफर क्लार्कसन, अँथनी केन्स. पैशांची बाजूही तशीच बाहेरून आली. अमेरिकेत इटालियन कलेच्या बचावासाठी समिती निघाली, जॅकलिन केनेडी तिच्या मानद अध्यक्ष. ब्रिटनमध्ये वेगळा निधी. हाच ब्रिटिश निधी पुढे १९७१मध्ये 'संकटातलं व्हेनिस' या नावाने व्हेनिसकडे वळला. त्याच ४ नोव्हेंबरला तिकडेही १९४ सेंटिमीटरपर्यंत भरती चढली होती.

इथे ताईंनी पिशवीतून आपली वही काढली. ती त्यांनी स्वतः बांधलेली आहे : पुठ्ठा नाही, मऊ कातड्याचं वेष्टन, कण्यावर डिंकाचा थेंब नाही, नुसती शिवण आणि आत दुमडलेल्या कडा. गेली पंधरा वर्षं मी ती पाहत आले आहे आणि ती अशी का, हे कधी विचारलं नव्हतं.

"क्लार्कसनने हे इथे पाहिलं," त्या म्हणाल्या. "कडक पुठ्ठ्याची, सरस लावलेली भारी भारी पुस्तकं पाण्यात फुगली आणि फाटली. आणि सोळाव्या शतकातली स्वस्तातली, मऊ चर्मपत्रात नुसती गुंडाळून शिवलेली पुस्तकं? चिखल धुतला की बरीचशी जशीच्या तशी. गरिबाची बांधणी टिकली. मग जगभरच्या ग्रंथालयांत ती पुन्हा शिकायला लागले. मीही शिकले. कोणाकडून? जिने शिकवलं ती कोणाकडून तरी शिकली असेल, ती आणखी कोणाकडून तरी. मागे जात जात ती साखळी या तळघरात पोचते."

ही साखळी पुढेही गेली. पीटर वॉटर्स १९७१मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतनाचं काम उभारायला गेले. फेब्रुवारी १९८८मध्ये लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला मोठी आग लागली, आगीपेक्षा बंबांच्या पाण्याने अधिक नुकसान झालं, तेव्हा सल्ला द्यायला वॉटर्स तिकडे पोचले. शीतयुद्ध अजून संपलं नव्हतं. लेनिनग्राडच्या रहिवाशांनी हजारो ओली पुस्तकं घरी नेली, वाळवली आणि परत आणून दिली. दुसऱ्यांची पुस्तकं घरी नेऊन परत आणून देणारं शहर! ताई म्हणाल्या, त्यांच्या नोकरीत असं एकदाही घडलं नाही.

तर ब्रुसेल्समध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर बहुधा या कठड्यावर होतं. १९६६च्या गाळातून १९७२चं बार्सिलोना निघालं, असं मी म्हणणार नाही, तसा कागद माझ्याजवळ नाही. पण ज्या देशांची मंडळं एकमेकांच्या हाती चित्र जाऊ नये म्हणून वर्गण्या काढत होती, त्या देशांची मुलं एका रांगेत उभी राहून तिसऱ्याच देशाची पुस्तकं एकमेकांच्या हातात देत होती. सहा वर्षांत त्यांच्या वडीलधाऱ्यांना एका टेबलाशी बसावंसं वाटलं, हे मला तरी नुसता योगायोग म्हणून सोडवत नाही. ताईंना हे पटलं नाही. "मुलं मुलं असतात, टेबलं टेबलं," एवढंच त्या म्हणाल्या.

सहावा दिवस : ऑलिव्हचं झाड, डेव्हिड आणि एक नन

उफीझी या कलादालनाच्या मागच्या गल्लीत, व्हिया देई जॉर्जोफीलीमध्ये, एक ऑलिव्हचं झाड आहे. २७ मे १९९३च्या रात्री इथे माफियाने बॉम्बने भरलेली गाडी उडवली. पाच माणसं गेली. गॅलरीतली काही चित्रं कायमची गेली, त्यात डच चित्रकार होन्टहोर्स्टचं एक मोठं चित्र होतं. त्याच वर्षी 'उफीझीचे मित्र' ही संस्था निघाली आणि पुढे अमेरिकेत तिची भगिनीसंस्था. झाडाखाली पाचच मिनिटं थांबलो. तिथे बोलण्यासारखं काही नसतं.

अकादमीच्या संग्रहालयात मायकलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा. गर्दी अशी, की पाटी शोधायचा प्रश्नच नव्हता. २००४मध्ये डेव्हिडला पाचशे वर्षं होणार होती, त्याआधी त्याची सफाई झाली. खर्च अमेरिकेतल्या 'फ्रेंड्स ऑफ फ्लॉरेन्स' आणि नेदरलँड्समधल्या 'आर्स लाँगा' या दोन संस्थांनी उचलला. मौज अशी, की सफाई कोरड्या कुंचल्याने करायची की डिस्टिल्ड पाण्याच्या लेपांनी, यावर जगभर रणकंदन माजलं. अखेर लेप लावले, आणि तो निर्णय इटलीच्या तज्ज्ञांचा आणि अधिकाऱ्यांचा होता. ताईंनी ओआहाकाचा कागद काढून आपली अधोरेखित ओळ माझ्यासमोर धरली. पैसे आपले, निर्णय त्यांचा. हे लिहायला सोपं आहे. ज्याने मोठी रक्कम दिली त्याला गप्प बसायला सांगणं किती कठीण, हे कोणत्याही संग्रहालयाच्या कार्यालयात विचारा.

दुपारी सान्ता मारिया नोव्हेल्लाच्या संग्रहालयात मी या प्रवासातलं सर्वांत आवडतं चित्र पाहिलं. प्लाउतिल्ला नेल्ली ही सोळाव्या शतकातली डॉमिनिकन नन. कोणत्या गुरूकडे रीतसर शिकायला जाण्याची तिला मुभा नव्हती. तिने सुमारे सात मीटर लांबीचं 'शेवटचं भोजन' रंगवलं. टेबलाच्या कापडावरच्या इस्त्रीच्या घड्यासुद्धा दिसतात. डाव्या कोपऱ्यात सही आहे आणि पुढे लॅटिनमध्ये विनंती : चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा. हे चित्र शतकानुशतकं लोकांच्या नजरेआड राहिलं. जेन फॉर्च्यून या अमेरिकन बाईंनी इटलीच्या कोठारांतून स्त्री चित्रकारांची कामं शोधायचा ध्यास घेतला, २००९मध्ये त्यासाठी संस्था काढली. या चित्राच्या दुरुस्तीसाठी जगभरातून लहान-मोठ्या देणग्या गोळा झाल्या, चार वर्षं काम चाललं. ऑक्टोबर २०१९मध्ये चित्र भिंतीवर चढलं. जेन फॉर्च्यून त्याच्या वर्षभर आधी गेल्या होत्या. २०२१मध्ये संस्थाही बंद झाली. काम झालं, दुकान आवरलं. मंडळं अशी वेळेवर बंद होताना मी फारशी पाहिलेली नाहीत.

ताई चित्रातल्या टेबलावरची भांडी मोजत होत्या. "बाईने मांडलंय," त्या म्हणाल्या. "पुरुषाने मांडलं असतं तर इतक्या वाट्या आल्या नसत्या."

सातवा दिवस : सान्ता क्रोचे

शेवटचा दिवस मुद्दाम यासाठी राखला होता.

चीमाबूएने तेराव्या शतकात रंगवलेला लाकडी क्रूस सान्ता क्रोचेच्या पवित्रवस्तू-दालनात, उंचावर टांगला आहे. साडेचार मीटर उंच. १९६६मध्ये तो चर्चच्या संग्रहालयात होता. लाकूड पाणी पिऊन फुगलं आणि रंगाचे पापुद्रे सुटून गाळात पडले. सुमारे साठ टक्के रंग गेला. लोकांनी गाळ चाळण्यांमधून गाळून रंगाच्या कपच्या वेचल्या. नंतर क्रूस बोबोली बागेतल्या लिंबाच्या झाडांच्या घरात हळूहळू वाळवला. दुरुस्ती झाली ती खोटी भर न घालता : गेलेल्या जागी बारीक रेघांचं विणकाम केलं, की लांबून डोळ्याला जखम टोचू नये, पण जवळून जखम आहे हे लपू नये. दहा वर्षांनी, १९७६मध्ये, तो सान्ता क्रोचेला परतला. खालून पाहिलं तर ख्रिस्ताच्या चेहऱ्यावरची आणि अंगावरची ती रिकामी बेटं स्पष्ट दिसतात.

तिथून जुन्या भोजनगृहात गेलो. व्हसारीने १५४६मध्ये मुराते मठातल्या जोगिणींसाठी रंगवलेलं 'शेवटचं भोजन' इथे आहे. पाच लाकडी फळ्यांवरचं प्रचंड चित्र. पुरात बारा तासांहून अधिक काळ बुडलं होतं. रंग गळून पडू नये म्हणून त्यावर पातळ कागद चिकटवला आणि फळ्या कोठारात ठेवून दिल्या. त्यांना हात लावण्याइतकं तंत्र कोणाकडे नव्हतं. चाळीस वर्षं तशाच. मग अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशनने लाकडी फळ्यांवरच्या चित्रांची दुरुस्ती नव्या पिढीला शिकवण्यासाठी निधी दिला. फ्लॉरेन्सच्या 'ओपिफीचो देल्ले पिएत्रे दूरे' या कार्यशाळेत जुन्या कारागिरांनी तरुणांना हाताशी धरून हेच चित्र दुरुस्त केलं. ४ नोव्हेंबर २०१६ला, बरोबर पन्नास वर्षांनी, ते जागेवर आलं.

चित्र पाहून झालं तरी ताई हलेनात. त्या चित्राच्या वर, भिंतीकडे पाहत होत्या. तिथे काय आहे ते मला आधी कळलंच नाही. मग दिसलं : चित्र टांगलेलं आहे, ते नुसतं खिळ्यांवर नाही, वजनाच्या यंत्रणेवर आहे. पुराचा इशारा आला की ते वर, पाण्याच्या आवाक्याबाहेर ओढून घेता येतं.

दारापाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला स्वयंसेवक होता, विशीतला, आपल्या तासाची वाट पाहत मोबाइल चाळत बसलेला. ताईंनी त्याला गाठलं आणि इंग्रजी-खुणा मिसळून विचारलं, इशारा रात्री आला तर? चित्र वर कोण ओढणार?

त्याने खांदे उडवले, हसला आणि स्वतःकडे बोट दाखवलं. मग जरा विचार करून दालनातल्या सगळ्यांकडे हात फिरवला. त्यात आम्हीही आलो.

"दोर कुठे आहे ते आधी दाखव म्हणावं," ताई मला म्हणाल्या.